बारांदा क्लबची सतरंजी

"हळू ओढ रे. सूत आहे ते, बैलाचा कासरा नव्हे."

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला धड अंगही नव्हतं. ताणून धरलेले उभे धागे आणि त्यांत जेमतेम वीतभर विणलेला लाल पट्टा, एवढीच मी होते. मागावर बसलेला एक म्हातारा कैदी शेजारच्या नव्या कैद्याला शिकवत होता. होय मित्रांनो, माझा जन्म तुरुंगात झाला. कुठल्या तुरुंगात ते विचारू नका. उंच भिंती, एक कडुलिंब आणि तासातासाला पडणारे टोल, याच्यापलीकडे मला काही ठाऊक नाही.

म्हातारा विणता विणता गुणगुणायचा. त्याची आई दळायला बसली की ज्या चालीत गायची तीच चाल, पण शब्द त्याच्या स्वतःच्या पोटातले:

उभ्या सुताच्या गं दारी, आडवं सूत येई-जाई
बाहेरल्या वाटेलाही, कोंडल्याची सय नाही

नव्या कैद्यानं एकदा विचारलं, "बाबा, ही बाहेर कुणाच्या घरी जाईल?" म्हातारा हसला. "कुणाच्या का जाईना. जाईल हे काय थोडं आहे?"

अशी मी झाले. मी एक सतरंजी. लाल, निळा आणि मातकट असे माझे पट्टे, आठ माणसं मांडी घालून बसतील एवढा माझा विस्तार. दिवाळीत तुरुंगाच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं, तिथून दिनकरराव नावाच्या एका शिक्षकांनी मला उचललं आणि वर्षभरानं आपल्या लेकीच्या, सुहासिनीच्या लग्नात तिच्या ट्रंकेवर बांधून दिलं. "पहिलं जेवण हिच्यावर बसून जेवा," एवढंच ते म्हणाले.

सुहासिनीनं तो शब्द पाळला. फार पाळला. तिचे यजमान चंद्रकांत कस्टम्समध्ये, म्हणजे बंदरात उतरणाऱ्या मालाची तपासणी करणाऱ्या खात्यात. त्यामुळे तीन-चार वर्षं झाली की नवं बंदर, नवं सरकारी क्वार्टर. सामानाची गाडी दारात लागली की बाकी काही उतरवायच्या आधी आई-बाप-लेक तिघं रिकाम्या घरात शिरायची. सुहासिनी गाडीतून आधी मला सोडवून आणून पसरायची, डबा उघडायची, आणि पोळी-भाजी खाऊन झाली की हात पुसत म्हणायची, "चला, झालं आपलं घर." कोचीन, मुंद्रा, विशाखापट्टणम, सगळीकडे हेच. कोचीनला उंदरानं माझा एक कोपरा कुरतडला. तेव्हा यामिनी, त्यांची एकुलती एक लेक, अंगणवाडीत होती. आईनं तिच्या लहान झालेल्या स्वेटरची हिरवी लोकर उसवली आणि मला रफू केलं. तो हिरवा ठिपका अजून आहे.

कौतुक झालं ते एवढंच, मित्रांनो. पहिलं जेवण उरकलं की माझी सुरळी व्हायची आणि मी दिवाणाखाली जायची. पुढची बदली येईपर्यंत अंधार. बदली आली की मला कपाटाच्या आरशाभोवती गुंडाळायचे, वरून सुंभ आवळायचे, आणि मी ट्रकमध्ये आरसा पोटाशी धरून हजार मैल जायची. रस्त्यात नद्या लागत असतील, आमराया लागत असतील. मला काय त्याचं? माझ्या नशिबी आरसा आला, तोही आंधळा.

यामिनीची बारावी झाली आणि आम्ही कलकत्त्याला आलो. क्वार्टर खिदिरपूरला, गोदीच्या जवळ. जहाजाचा भोंगा वाजला की दिवाण थरथरायचा, दिवाणाखाली मीही.

एक दिवस दुपारी, आई झोपलेली असताना, यामिनीनं मला हळूच बाहेर ओढलं. एका मोठ्या कापडी पिशवीत कोंबलं. मला वाटलं, बदली! इतक्या लवकर? पण ट्रक नव्हता, आरसा नव्हता. बस होती, मग मेट्रो होती, मग एका जुन्या कॉलेजच्या मागच्या बाजूचा लांबच लांब व्हरांडा होता. खांबांचा गिलावा उडालेला, पण ऊन कसं स्वच्छ.

त्या व्हरांड्यात मुलांचा एक क्लब होता. व्हरांड्याला बंगालीत बारांदा म्हणतात, म्हणून बारांदा क्लब. या क्लबाला ना कसला मोठा हेतू ना कसली घोषणा. एकत्र बसायचं, गायचं, खायचं, सण करायचे. पण एक रीत मात्र कडक होती. नव्या सभासदानं पहिल्या सोशलला घरून एक वस्तू आणायची. सोशल म्हणजे त्यांचा गाण्याबजावण्याचा मेळावा. ती वस्तू तिसऱ्या वर्षाच्या निरोपापर्यंत क्लबाची. मधेच कॉलेज सोडून कुणी गेलं, तर त्यानं सगळ्यांसमोर तसं सांगायचं आणि आपली वस्तू परत न्यायची. असा क्लब भरला होता: एक किटली, दोन सूर मुके असलेली पेटी, बसायचा वेताचा मोडा, कुणाच्या आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ.

"तू काय आणलंस?" क्लबाचा सेक्रेटरी शौनक यानं विचारलं. उंच, केस डोळ्यांवर आलेले, सदा घाईत.

यामिनीनं मला पसरलं. उघडी झाले तशी मी आधी खोकले असेन, इतकी धूळ उडाली. आणि मग मित्रांनो, पंधरा-सोळा जणं दाटीवाटीनं एकदम माझ्यावर बसली! एवढा भार मी जन्मात झेलला नव्हता. कुणाच्या तळव्याला मैदानाची माती, कुणाच्या पैंजणाचा घुंगरू धाग्यात अडकलेला. पियाली नावाची गोल चेहऱ्याची मुलगी माझ्यावर चक्क आडवी झाली आणि म्हणाली, "जामिनी, यानंतर मी घरी जाणार नाही." बंगाली तोंडात यामिनीची जामिनी होते, ते तिलाही आवडायचं.

यामिनीनं हिशेब मांडला होता तो असा. आईला सतरंजी लागते बदलीच्या वेळी. बदली तीन वर्षांनी. तोवर क्लबाचा निरोप होऊन जाईल, सतरंजी गुपचूप दिवाणाखाली परत. आईला विचारलं असतं तर आई नाही म्हणाली नसती कदाचित, पण "आणि पहिलं जेवण?" असं नक्की म्हणाली असती. म्हणून विचारलंच नाही.

सव्वा वर्ष मी त्या क्लबात काढलं. आठवड्यातले पाच दिवस लोखंडी कपाटात, किटली आणि पेटीच्या मधे उभी कोंबलेली. कपाटाचं दार नीट बसायचं नाही, म्हणून शौनक त्याला बाहेरून गुडघा मारून कुलूप घालायचा. आत मुंगीएवढा उजेड यायचा नाही. पण सहाव्या दिवशी कुलूप उघडायचं, आणि जे काही व्हायचं ते माझ्यावर व्हायचं. मुरमुऱ्यांचा डोंगर माझ्यावर ओतायचा, त्यात मोहरीचं तेल, मिरची, कांदा. फुटबॉलची मॅच असली की दोन पक्ष माझ्या दोन टोकांना, आणि निळा पट्टा ही सरहद्द. गाणी तर किती! यामिनीही गायची. तिचं मराठी घरी आईशी, बाहेर हिंदी, इंग्रजी, थोडं बंगाली. पण टाळी वाजवायला भाषा कशाला लागते? मी तिला तान्हेपणापासून ओळखते. इतकी हसताना मी तिला कुठल्याच बंदरात ऐकलं नव्हतं. दर गावात ती मैत्रिणी करायची त्या रेल्वेतल्या ओळखीसारख्या, स्टेशन आलं की उतरायच्या. इथं पहिल्यांदा कुणीतरी तिची जागा धरून ठेवत होतं. उशीर झाला की पियाली माझ्यावर आपली ओढणी टाकायची आणि ओरडायची, "इथं जामिनी बसणार आहे, उठा!"

मागच्या डिसेंबरात क्लबाची सहल निघाली, बराकपूरला, गंगेच्या काठी. सियालदाहून लोकल गाडी, मी शौनकच्या खांद्यावर. काठावर मला पसरलं. वारा, पाणी, होड्या. म्हाताऱ्यानं विणताना जी बाहेरली वाट म्हटली होती ती हीच असावी असं मला वाटलं. भेंड्या रंगल्या होत्या आणि यामिनीचा फोन वाजला.

ती माझ्या कडेला सरकून मराठीत बोलू लागली. तिथं मराठी कळणारी दोनच, ती आणि मी.

"काय म्हणता बाबा? इतक्यात कशी ऑर्डर निघाली? दीडच वर्ष झालं आपल्याला. तुतिकोरिन... जानेवारीच्या शेवटी. हो, कळलं. नाही, काही नाही, सहलीला आलेय. हो बाबा. बरं."

फोन ठेवला. परत येऊन बसली. एका हातानं मांडीवर गाण्याचा ताल धरला, अगदी ठेक्यात. पण दुसऱ्या हाताच्या नखानं ती माझी कड उसवत होती, एकेक धागा.

"कोण होतं?" पियालीनं विचारलं.

"घरून. काही नाही."

त्या दिवसापासून, मित्रांनो, कपाटात मी आणि बाहेर ती, आमची दोघींची गत सारखीच झाली. क्लबात सांगावं तर सगळ्यांसमोर आपली वस्तू उचलून घरी न्यायची, म्हणजे संपलंच. घरी बोलावं तर आईला एकटीला कसं सोडायचं? बाबा सकाळी आठला गोदीत जातात ते रात्री उगवतात. शेजारी चांगले आहेत, पण त्यांची भाषा वेगळी. महाराष्ट्र मंडळाचा गणपती वर्षातून एकदा. बाकी सगळे दिवस आई मराठी बोलते ती एका यामिनीशी. कॉलेजच्या ऑफिसात तिनं वसतिगृहाचा फॉर्म घेऊन ठेवला होता. तो घडी घालून वहीत, वही पिशवीत, पिशवी मांडीवर. कुणालाच दाखवला नाही. मला मात्र कागदाची कुरकुर ऐकू यायची.

घरी बांधाबांध सुरू झाली आणि फोन येऊ लागले.

"अगं यामू, सतरंजी कुठं ठेवली आहेस का तू?"

"नाही गं आई. मी नाही पाहिली. दिवाणाखालीच असेल, नीट बघ."

हे ती कुठं बसून म्हणाली? माझ्यावर! मी तिच्या मांडीखाली होते, आणि तिनं मला पाहिलं नव्हतं. मला हसावं की रडावं कळेना.

"बघितलं दिवाणाखाली. माळ्यावर बघितलं. आता आरसा कशात बांधू? आणि नव्या घरात काय नुसत्या फरशीवर जेवायचं?"

"सापडेल गं."

संक्रांत आली. आई बाजारातून बोरं घेऊन आली, टपोरी, पिवळी. दर वर्षी हळदीकुंकवाला बोलवायला कुणी नसतं म्हणून तिच्या मनात आलं, लेकीच्या मैत्रिणींना तरी पाठवावं. या शहरातल्या कुणाला तिनं काही पाठवायची ही पहिलीच वेळ. कागदाच्या मोठ्या पुड्यात बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, आणि वेगळ्या डब्यात तिळगूळ.

यामिनीनं हौसेनं पुडा माझ्यावर ओतला. "घ्या, आईनं पाठवलंय!"

पियाली किंचाळलीच. "मागो! कूल! पूजेच्या आधी कूल!"

"काय झालं?"

"अगं, हे कूल, तुमचं बोर, सरस्वतीपूजा झाल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. देवीला आधी. आपण आधी खाल्लं की परीक्षेत गोल भोपळा!"

"हिला कुणीतरी पाठवलंय," शौनक हात वर करून म्हणाला. "फिजिक्सवाल्यांची हेर आहे ही. आख्ख्या क्लबाला नापास करायचा कट! जामिनी, खरं सांग, किती बोरं खाऊन आलीस?"

"सकाळपासून... बारा-तेरा."

"गेली! ही गेली! हिला श्रद्धांजली वाहा रे!"

सगळे लोळून हसले, यामिनीही हसली. तिळगुळाचा डबा पाच मिनिटांत फस्त झाला. पण बोरांना कुणी बोट लावलं नाही. "घरी ने आणि पूजेच्या दिवशी आण," पियाली म्हणाली. ती भली पोर होती, तिच्या मनात काही नव्हतं.

पण घरी कशी नेणार? आई दारातच विचारणार. सगळे गेल्यावर यामिनीनं एकेक बोर वेचलं, पुड्यात भरलं, पुडा माझ्या मधोमध ठेवला आणि माझी सुरळी केली. गुडघा मारून कपाट बंद केलं. कपाटाबाहेर उभी राहून ती फोनवर बोललेली मी ऐकली.

"आवडली का गं बोरं?" आईचा आवाज फोनमधूनही उजळलेला कळत होता.

"अगं, संपलीसुद्धा! तुटून पडले सगळे."

"खरंच?" आईनं विचारलं. "मग जायच्या आधी एकदा बघते गं तुझ्या मैत्रिणींना. ती सरस्वतीपूजा म्हणतेस ना, तेव्हा येते."

पूजेच्या तयारीत त्या आठवड्यात मला कुणी पसरलंच नाही, आणि नऊ दिवस ती बोरं माझ्या पोटात होती. आधी गोड वास, मग आंबूस, मग दारूच्या दुकानासारखा. मी काही करू शकत नव्हते. गुंडाळलेल्या वस्तूला पोटातलं ओकता येत नाही.

पूजेच्या सकाळी व्हरांडा पिवळाधमक झाला होता. पिवळ्या साड्या, पिवळे कुडते, झेंडू, पळसाची फुलं. देवी पांढरी, हातात वीणा, पायांशी वह्यापुस्तकांचा ढीग, कारण त्या दिवशी अभ्यासाला सुट्टी. अंजली झाली, म्हणजे फुलं हातात घेऊन मंत्र म्हणून झाले, आणि शौनकनं मला कपाटातून ओढून एका झटक्यात उलगडलं.

टपटप टपटप! सुरकुतलेली, काळवंडलेली बोरं सगळीकडे धावली.

यामिनीचा चेहरा उतरला. पण पियालीनं पदर खोचला आणि गुडघ्यांवर रांगत बोरं गोळा करायला लागली. "अरे, ही तर आधीपासून देवीच्या वाटेवर बसली होती. नऊ दिवस उपाशी!" तिनं ती पितळी ताटात घातली, त्यात उसाचे सुकलेले करवे, घाटे, आणि ताट देवीसमोर ठेवून दिलं. यामिनीच्या कानात म्हणाली, "आम्ही फार हसलो त्या दिवशी, नाही का?"

आणि तेवढ्यात जिन्यावर सुहासिनी दिसली. नेसलेली जरीकाठी साडी, हातात पिशवी, चेहऱ्यावर परक्या घरात शिरतानाचं हसू.

"काकीमा! आइए, आइए, बैठिए!" पोरांनी तिला गराडाच घातला.

तिनं चपला काढल्या आणि माझ्यावर पाऊल ठेवलं. मित्रांनो, ते पाऊल मी हजारांत ओळखीन. टाचेची भेग तीच, बिचकत टाकलेला भार तोच. तिनंही मला ओळखलं. बसता बसता तिचा हात हिरव्या रफूवर गेला आणि तिथंच राहिला. मग तिनं मान वर केली, आणि देवीसमोरचं ताट पाहिलं. कलकत्त्यात बोरांबरोबर ऊस आणि घाटे एकत्र कुणी ठेवत नाही.

आता ती बोलणार, असं यामिनीला वाटलं असेल. मलाही वाटलं. पण तिनं नुसता पदर सारखा केला.

"काकीमा, ये दरी आपके घर की है ना? हमारे क्लब की जान है," शौनक मला थोपटत म्हणाला. "और अगले साल की पूजा जामिनी करवाएगी. सेक्रेटरी! कल सबने हाथ उठाके तय कर दिया."

सुहासिनीनं लेकीकडे पाहिलं. लेक खाली बघत होती. सामान भरायला मंगळवारी गाडी येणार, आणि इथं पुढच्या वर्षीची पूजा ठरलेली.

"अच्छा," सुहासिनी म्हणाली. "अच्छी बात है."

"काकीमा, एक गाना!" पियालीनं तिचा हात धरला. "मराठी में!"

"अरे, नहीं नहीं. मुझे गाना कहाँ आता है."

पण सोडतील ती पोरं कसली. शेवटी तिनं डोळे मिटले आणि जात्यावरच्या चालीत, हलक्या आवाजात म्हटलं:

नव्या गावी नवी चूल, नवं पाणी, नवी माती
जुनी एक माझी बोली, लेकीसंगे दिसाराती

टाळ्यांचा कडकडाट झाला. "अपूर्व! काकीमा, क्या बात है!" त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. कळलं ते यामिनीला. तिच्या वहीतल्या कागदानं एकदा कुरकुर केली.

मग खिचडीची हाक आली. गरम खिचडी, वांग्याची भजी, बोरांचीच चटणी. सगळे पत्रावळींकडे धावले. माझ्यावर मायलेकी दोघीच उरल्या.

"म्हणजे यांना सांगितलंच नाहीस," आई म्हणाली.

"नाही."

"आणि मला हे."

यामिनीनं मान हलवली आणि वस्तू आणायची-न्यायची क्लबाची रीत तिला सांगितली.

"मी माळा उपसला गं यामू. दोनदा. बाबांना म्हटलं, तुमच्याच माणसांनी बांधाबांधीत हरवली. भांडले मी त्यांच्याशी." आई हसली, पण ते हसू अर्ध्यावर राहिलं. "आणि बोरं म्हणे संपली."

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. मग?" आई उठली, दूरच्या टोकाला गेली, आणि वाकून मला गुंडाळू लागली. "चल, ऊठ. त्या मुलाला बोलव, सगळ्यांना सांगू आणि घेऊन जाऊ. रीत आहे म्हणालीस ना त्यांची? आरसा बांधायचाय मला. ऊठ."

लाल पट्टा गेला. निळा गेला. मातकट गेला. सुरळी सरकत सरकत यामिनीच्या गुडघ्यांपर्यंत आली आणि थांबली, कारण ती उठलीच नाही.

मित्रांनो, इथं मला तुमच्याशी दोन शब्द बोलू द्या. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी गुंडाळून ठेवलेलं असेल, तर त्याला महिन्यातून एकदा गच्चीत, अंगणात, निदान खिडकीच्या गजांवर उलगडून टाका. वापरातली सतरंजी मधोमध विरते, माणसांच्या भारानं, सावकाश, तिला चाळीस वर्षं पुरतात. ठेवणीतली मात्र घडीवर तुटते, आणि ते कधी तुटलं हे कुणालाच कळत नाही. माणसांच्या पोटातल्या गोष्टीही मी जन्मभर ऐकत आले आहे. त्यांनाही तसंच ऊन लागतं. नऊ दिवसांत बोरांचं काय झालं ते तुम्ही पाहिलंतच. फार दिवस कोंडू नका रे कशालाच.

"यामू, ऊठ म्हणते ना," आई म्हणाली. तिचे दोन्ही हात सुरळीवर होते आणि ते आता ओढत नव्हते. "खिचडी गार होईल."

यामिनीनं पिशवीतून वही काढली, वहीतून तो फॉर्म काढला आणि उलगडून माझ्यावर ठेवला. घडीवर तो फाटायला आला होता.

"आई, मी तुतिकोरिनला येणार नाही. तू तिथं एकटी पडशील, तुझ्याशी बोलायला कुणी नसेल, हे मला डिसेंबरपासून कळतंय. रोज कळतंय. तरी मी येणार नाही."